भोवऱ्याला अक्षरओळख

फिरता फिरता दिव्यांनी अक्षरं लिहिणारा भोवरा करायचा, तर त्यातलं अवघड काम चिपचं असेल, असा सगळ्यांचा समज असतो. चिप बिचारी गुणी असते. छळतो तो भोवरा.

तत्त्व म्हणाल तर बाळबोध आहे. अंधारात पेटती काडी गोल फिरवली की लाल कडं दिसतं, कारण डोळ्यातलं चित्र क्षणभर रेंगाळतं. सात एलईडी एका रेषेत लावायचे आणि भोवरा फिरत असताना नेमक्या वेळी पेटवायचे-विझवायचे, की झालं अक्षर. हिशेबाला एटीटायनी८४ नावाची चिप. तिला १४ पाय; दोन विजेचे, एक रीसेटचा, उरलेले ११ आपले. भोवरा सेकंदाला २० फेऱ्या मारतो, म्हणजे एक फेरी ५० मिलिसेकंदांची. फेरीचे १०० उभे रकाने पाडले तर एकेकाच्या वाट्याला अर्धा मिलिसेकंद. आठ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ऐंशी लाख ठोक्यांवर, चालणारी चिप तेवढ्यात चार हजार ठोके मोजते आणि बहुधा कंटाळते.

मग जोडणी. हे एलईडी दोन मिलिमीटर लांब, सव्वा मिलिमीटर रुंद. कुठली बाजू कुठे, हे सांगणारी हिरवी खूण इतकी बारीक की भिंग लावूनही ती खूण आहे की आपल्या चष्म्यावरचा डाग, हा वाद राहतो. चिमट्यात धरावा तर टुणकन उडतो आणि फरशीच्या रंगाचा होतो. त्या काळात आमच्या घरात पंखा बंद होता आणि शिंकायला परवानगी लागत होती.

यानंतर तोल. गोल बटन सेल जेमतेम तीन ग्रॅमचा, पण मधोमध नसेल तर भोवरा झिंगल्यासारखा टेबलभर हिंडतो. चिप एका अंगाला, म्हणून समोरच्या अंगाला सोल्डरचा थेंब. थेंब जड झाला म्हणून थोडा खरवडला, तर ती बाजू हलकी. पुन्हा थेंब. बायको दारातूनच म्हणाली, “घडणावळ किती घेता?” त्यात केंद्रापासून दोन सेंटिमीटरवर या वेगाने फिरणाऱ्या वस्तूला आपल्या वजनाच्या तीसपट जोराने धरून ठेवावं लागतं. गणित मला पाठ होतं. थेंब सुटून पडद्यावर आपटला तेव्हा ते पटलं. (सेलवर मात्र स्क्रूचं झाकण हवंच. पोराने गिळला तर सेल अन्ननलिका भाजून काढतो, तिथे विनोद नाही.)

भोवरा एकदाचा सरळ उभा राहिला आणि अक्षरं पळायला लागली. आपण कुठून सुरुवात केली हे भोवऱ्याला कळत नाही; वेग मंदावतो तशी अक्षरं अंग चोरतात आणि ओळ सरकत जाते. उपाय गमतीचा आहे: आत होकायंत्राचा सेन्सर बसवायचा. त्याला जाणवणारं पृथ्वीचं चुंबकत्व दर फेरीला एकदा चढतं, एकदा उतरतं. त्यावरून फेरी मोजायची आणि ओळ दर वेळी उत्तरेपासून सुरू करायची. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात टेबलाचा पाय लोखंडी असला की भोवरा त्यालाच उत्तर मानतो. शिवाय आमची कन्या डावरी. तिने फिरवला की अक्षरं आरशातल्यासारखी उलटी! सेन्सर काटकोनातल्या दोन अक्षांवर मोजतो; त्यांतला कुठला आकडा आधी चढतो ते बघून चिपने दिशा ओळखायची, अशी तोड निघाली.

सगळ्यात हाल झाले ते देवनागरीचे. ‘शुभेच्छा’ लिहायचं ठरलं होतं. शिरोरेखा फुकटात मिळते, एक दिवा सतत चालू ठेवला की झालं. पण वर मात्रेला जागा, खाली उकाराला जागा, आणि मधे जे दिवे उरतात त्यांत ‘च्छ’ कोंबून बघा! काना तेवढा बसला आणि बाकीची छाटाछाट करून ‘शभचछा’ उमटलं. मुलगी म्हणाली, “बाबा, हा शिंकतोय.” सात दिव्यांत अंकलिपीच्या पहिल्या पानावरचीच मराठी मावते: बदक, मगर, कमळ. शेवटी ‘गरगर’वर तडजोड झाली. मात्रा नाही, उकार नाही, जोडाक्षर नाही, आणि भोवरा खोटंही बोलत नाही.

अंधारात ते लाल ‘गरगर’ काही सेकंद असं स्थिर उभं राहिलं की आम्ही तिघंही गप्प झालो. लगेच ताईला फोटो पाठवला. पण डोळा रेंगाळतो, कॅमेरा रेंगाळत नाही. सेकंदाच्या साठाव्या भागात झडप मिटली तर पडद्यावर फेरीचा तिसरा हिस्साच येतो. ताईचा ताबडतोब फोन आला.

“अरे, नुसता ‘र’ आलाय.”

“ताई, तो फिरताना बघावा लागतो.”

“मग फोटो कशाला पाठवलास? आणि इतके दिवस खपून एकच अक्षर?”