रणगाडा बनवणाऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून कसं जावं

लग्नसराई आहे, लेकरांना सुट्या आहेत. म्हणजे आपल्या विदर्भात प्रत्येकाला या दिवसांत कुणाकडे तरी जावंच लागतं. त्यातल्या एखाद्या घरी हमखास एक बिनकामाचा माणूस निघतो. टेबलावर वाकून, चिमट्यात प्लास्टिकचा तुकडा धरून तो हातभर नाही असा छोटा, हुबेहूब रणगाडा बनवत बसलेला असतो. अशा माणसाशी कसं वागावं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक नसूनही ते फार छान वागतात, ही गोष्ट वेगळी. तरी जे नवखे असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

आल्या आल्या विचारा, "चालते का हे?" तो म्हणेल, नाही. मग म्हणा, "मंग कायले बनोता?" एवढ्यावर थांबलात तरी त्याची सकाळ गेलीच समजा. खरं तर हा प्रश्न अगदीच अडाणी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचं किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या तुकड्यांचा डबा, काढलं, त्यात मोटार होती, सेल होते. ते आत मावतील एवढा टँक करायचा म्हणून १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं, हे विचित्र माप निघालं आणि पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. पण हे त्याला सांगू देऊ नका. त्याने तोंड उघडलं की तुम्ही मोबाइल उघडा.

मग किंमत विचारा. किंमत कळली की चार माणसांत मोठ्याने हिशेब करा: "एवढ्यात त पऱ्हाटीच्या चार थैल्या आल्या असत्या." गेल्या हंगामात तुम्ही किती थैल्यांचे पैसे पत्त्यात घालवले याची आठवण तो काढणार नाही. सभ्य असतो बिचारा.

टेबलावर कोणताही टँक असो, त्याला पॅटनच म्हणा. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन पाणी सोडलेल्या उसाच्या वावरात फसले आणि त्यांना फोडणाऱ्यांत आपले सेंच्युरियन रणगाडे होते. ज्याने पॅटन फोडला त्यालाच पॅटन म्हणायचं, यात एक वेगळी मजा आहे.

रंग ओला असताना कूलरचं तोंड टेबलाकडे करा.

अवजारांना मोकळ्या मनाने हात लावा. त्याच्याकडे एक छोटा निपर, म्हणजे कापायची पक्कड, असतो. पात्यांची धार इतकी बारीक की किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटून येतात तिच्यातून तुकडा कापला तर पांढरा डागसुद्धा उठत नाही. तो फक्त प्लास्टिकसाठी असतो. त्याने कूलरच्या वायरीचं रबर सोला. आतल्या तांब्यावर पातं दाबलं की करकन आवाज येतो, तो ऐका. नंतर म्हणा, "धार नाही राह्यली याले." पॉलिश पेपर दिसला तर त्याने खर्रा घोटलेल्या बोटांची नखं घासायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. खर्ऱ्याची पन्नी कुठे ठेवायची? रंगाच्या बाटल्यांशेजारी. दुसरीकडे जागाच कुठे असते.

"तुमाले कामधंदा नाही का," हे बायकोसमोर विचारायचं. एकट्यात विचारलं तर वाया जातं.

आता मुख्य गोष्ट, लेकरू. लेकरू सोबत न्याच. ते कुरकुरलं, मोबाइलची बॅटरी संपली, की आलमारीकडे बोट दाखवायचं. काच सरकवायची. यजमानाला विचारायचं नाही, कारण विचारलं तर तो नाही म्हणेल आणि उगाच वाईटपणा येईल. तो बाजारात गेला असेल तर फारच उत्तम. माझे साडभाऊ परवा लग्नाला आले तेव्हा मी बाजारातच होतो.

आलमारीत सेंच्युरियन होता. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये होते, त्याचं नाव 'फामागुस्ता'. टँक पेटला, बाहेर या असा हुकूम आला, तर त्यांनी उत्तर दिलं की माझी तोफ अजून चालते आहे, मी टँक सोडणार नाही. एकवीस वर्षांचं वय. त्यांना परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर. तो टँक मी बनवत होतो. किटमध्ये आपल्या सैन्याच्या खुणा येत नाहीत, त्या शून्य नंबरच्या ब्रशने हाताने काढल्या होत्या. मे महिन्यात आपल्याकडे रंग टँकला लागायच्या आधी ब्रशवरच सुकतो, म्हणून पहाटे उठून. एकेका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे चोवीस तबकड्या. प्रत्येकीच्या कडेला रबराचा काळा गोल. करून पाहा एक तरी.

आणि ती तोफ. तिची नळी या किटमध्ये दोन उभ्या फाकांत येते. त्या जोडायच्या तर साधा गोंद चालत नाही. त्याचं वेगळं पातळ सिमेंट असतं, ते प्लास्टिकच्या दोन्ही कडा विरघळवतं आणि कडा एकमेकींत मुरतात. मग दिवसभर हात लावायचा नाही. मग जोडावर जी रेघ उठते ती चारशे नंबरच्या पेपरने, मग आठशेच्या, मग हजारच्या, पाणी लावून घासायची. घासता घासता नळी गोल राहिली पाहिजे, एका अंगाला चपटी झाली की मेलात. डोळ्याला रेघ दिसेनाशी झाली तरी नखाला लागते. नखालाही लागेनाशी झाली की प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारायचा, तो रेघ पुन्हा दाखवतो. पुन्हा घासा.

ती नळी मुठीत धरून पोराने टँक उचलला. भरताचं वांगं देठाने उचलावं तसा. मग आपटला. नळी बुडातून गेली. डावा पट्टा सुटला, त्याची टोकं मी पेचकस तापवून जोडली होती. कमांडरचं मुंडकं कूलरच्या टाकीत सापडलं. मशीनगन अजून सापडायची आहे, कदाचित झाडणीत गेली असेल. मी पिशवी घेऊन दारात उभा, आणि साडभाऊ खाटेवरून काय म्हणतात? "लेकरू हाय हो! फेविक्विक लावा न, काय होते त्याले!" फेविक्विक लावलं की आजूबाजूच्या रंगावर पांढरी वाफ धरते. हे मी सांगत होतो आणि ते क्रिकेटचा स्कोअर विचारत होते. बायको आतून म्हणाली, "जाऊ द्या न, पाहुणे हायेत."

हायेत. म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता बोलतो.

पोराची काही चूक नाही. चार वर्षांचं लेकरू हाताला येईल ते उचलणारच. चूक तुमची आहे साडभाऊ, काच तुम्ही सरकवली. माझी फटफटी न्यायची तर तुम्ही विचारता. माझ्या स्प्रे पंपाला विचारल्याशिवाय हात लावत नाही. वावरातल्या शेंगा तोडायच्या तरी धुऱ्यावरून आवाज देता. कारण त्याला बाजारात भाव आहे. याला भाव नाही, म्हणून हे कुणीही उचलावं? "टाइमपास" म्हणता. तीन तास माझ्या ओसरीत पाय पसरून मॅच पाहिली ती कोणती मशागत होती? तुमच्या घरी मी येतो तेव्हा तुमच्या बैठकीतल्या शंकरपटाच्या ढाली माझ्या पोरीच्या हातात देऊन "खेळ बाई" म्हणू का? नाही ना खपणार? मग माझं का खपावं?

आणि जाताना गाडीला किक मारता मारता म्हणालात, "नवा घेऊन देतो." द्या ना! पण तो डब्यात सुटा येतो, शेकडो तुकड्यांत. कुरिअरवाला गावात यायचा नाही, तालुक्याला जाऊन सोडवून आणावा लागेल. तेही तुम्ही कराल असं धरू. पुढे नळी घासायला कोण बसणार आहे, तुम्ही? पुन्हा या, लेकरालाही आणा, रस खा, रोडगे खा, पोटभर खा. पण आलमारीच्या काचेला कुणाचा हात लागलेला दिसला तर मी सोयरा-धायरा पाहणार नाही, सांगून ठेवतो.