सतरा छेद पन्नास

नव्या एसीला हॉलची नेमकी तीच भिंत हवी होती, म्हणून चित्र विकायला काढलं. अमूर्त शैलीतलं, मिश्र माध्यमातलं प्रिंट. खाली छापलेले निळे-करडे पट्टे, वर चित्रकाराने हाताने चिकटवलेला तागाचा धागा आणि चिमूटभर सोनेरी वर्ख. सहा वर्षांपूर्वी ९,००० ला घेतलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर ५,००० लिहिले. आठवडाभरात दोन अंगठे आले आणि एक 'फ्रेम किती बाय किती?'

रविवारी जेलरोडहून स्कूटरवर एक काका आले. शेजारच्या वहिनींचे कोणीतरी मामेसासरे. "मी प्रेसमधून रिटायर," म्हणाले. नाशकात प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, नाशिकरोडचा १९२८ पासूनचा नोटांचा छापखाना. काकांची हयात छापील तक्ते तपासण्यात गेलेली. म्हटलं, चला, छपाईतला माणूस, कदर करील.

केली ना! चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला टेकवलं.

"ताई, हे सतरा छेद पन्नास काय?"

"पन्नास प्रती काढल्या, त्यातली ही सतरावी."

"नंबर पेन्सिलीने?"

"प्रिंटवर सही आणि नंबर पेन्सिलीनेच घालतात, काका."

"म्हणजे खोडता येतो."

मी गप्प.

"हा धागा कसला? सुरक्षा धागा कागदाच्या पोटात असतो. हा बाहेर लोंबतोय."

"तागाचा आहे. प्रत्येक प्रतीवर वेगळा."

"मग प्रती एकसारख्या नाहीत. एकसारख्या नाहीत तर पन्नास कशाच्या?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "हा निळा हललाय. करड्यावर दोन मिलिमीटर चढलाय."

"मुद्दाम चढवलाय."

"मुद्दाम?" दूध मुद्दाम उतू घालवलं म्हणून सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

चहा टाकताना माझा जीव जळत होता. २०२१ मध्ये वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलं. अमूर्तच, आणि माणूस जन्माने नागपूरचा, म्हणजे काही परका नव्हे. आमच्या सोसायटीत मात्र ऐंशी लाखांच्या फ्लॅटात पळते सात घोडे, वास्तूला चालतात म्हणून. त्या घोड्यांचा निळा हललाय का, हे कोणी तपासत नाही. एकाचे पाय मोजा, पाच भरतील. त्यांना गिऱ्हाईक आहे. आणि ज्याने हा धागा एकेका कागदावर बसून चिकटवला, त्याच्या चित्राला 'फ्रेम किती बाय किती'.

चहा घेऊन बाहेर येते तर काकांनी स्कूटरच्या डिकीतल्या पकडीने फ्रेमचे मागचे खिळे उपटलेले. त्या फ्रेमला कॉलेज रोडवर वेगळे २,६०० मोजले होते! काका गॅलरीत, कागद उन्हात धरून. कोपऱ्याला नखाने टिचकी मारली. कडक् असा आवाज आला.

"सुती कागद! नोटेचाही सुतीच असतो. आणि हे बघा, वॉटरमार्क."

खालच्या कोपऱ्यात कागदाच्या गिरणीचं नाव खरंच पुसटसं उमटलेलं होतं. सहा वर्षं रोज समोर बसून जेवले, मला पत्ता नव्हता.

"कागद खरा आहे," काका म्हणाले. चित्राबद्दल बोललेच नाहीत.

"मग घेताय?"

"छे हो. बघायला आलो होतो. घरी बसून वेळ जात नाही." दुसरा कप संपवून ते उठले.

ते गेल्यावर पाहिलं. खालच्या समासात, नंबराला अगदी खेटून, पेन्सिलीची बारीक फुली. धावत गॅलरीत गेले, तर काका स्कूटरला किक मारत होते.

"काका, ही फुली!"

"निळा हललाय तिथली. हाताची सवय, ताई. पेन्सिल आहे, खोडता येते!"

खोडली. फुली गेली, तिच्याबरोबर सतरातला एकही गेला. आता माझ्याकडे सात छेद पन्नास आहे. ग्रुपवर अजून कळवलेलं नाही.