साडेसात लाखांत दोन सेकंद

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलंच आहे ना? मग साधं मॉडेल घेऊन घराण्याची अब्रू घालवू नका. परफॉर्मन्सवालंच घ्या. दोन मोटर, चारही चाकांना ताकद आणि डिकीवर सेकंदांचा आकडा कोरलेला बिल्ला. साध्या मॉडेलवर असला बिल्ला नसतो. मागच्या रिक्षावाल्याला तुमची ऐपत कळणार तरी कशी?

हप्त्यांचा हिशोब मध्यमवर्गीय लोक करतात. तुम्ही हिशोब सेकंदांत करा. चिनी कंपनी बीवायडीची सील ही इलेक्ट्रिक गाडी मार्च २०२४ मध्ये आपल्याकडे आली, तेव्हा मधलं प्रीमियम मॉडेल ४५ लाख ५५ हजारांना होतं आणि परफॉर्मन्स ५३ लाखांना. हे एक्स-शोरूम, बरं का. विमा वगैरे वेगळं. बॅटरी दोन्हींत तीच, ८२.५६ किलोवॅट-अवरची. शून्यापासून शंभरच्या वेगाला पोचायला प्रीमियमला ५.९ सेकंद लागतात, परफॉर्मन्सला ३.८. म्हणजे ७ लाख ४५ हजारांत तुमचे २.१ सेकंद वाचले. सेकंदाला साधारण साडेतीन लाख. पुण्यात बाणेरमध्ये स्क्वेअर फुटाचा भाव विचारून आलेल्या माणसाला हे स्वस्तच वाटेल.

शिवाय जास्त पैसे मोजले की एका चार्जमधली रेंज कमी मिळते, हा फायदा वेगळाच. कागदावरचे ६५० किलोमीटर ५८० वर येतात. बॅटरी तेवढीच, ओढायला दुसरी मोटर आणि वजनही जास्त. पैसे देऊन वजन वाढवायची सोय एरवी फक्त लग्नाच्या पंगतीत असते.

आता वाचलेले ते दोन सेकंद खर्च कुठे करायचे, ते आधी ठरवून ठेवा. हिंजवडीला जात असाल तर एक सेकंद सकाळी वापरा, एक संध्याकाळी. विद्यापीठ चौकात पुढच्या टँकरच्या पाठीला तुम्ही साध्या मॉडेलवाल्याच्या दोन सेकंद आधी टेकाल, आणि मग पुढची वीस मिनिटं दोघंही त्याच टँकरचा नंबर वाचत बसाल. एक्स्प्रेस वेवर सपाटीला मर्यादा शंभरची आणि वर कॅमेरे लावलेले. टोलनाक्यातून सुटल्यावर ३.८ सेकंदांत तुमची सगळी मर्दुमकी आटोपते. तिथून घाटापर्यंत तुम्ही आणि एखादी जुनी वॅगनआर, शेजारी शेजारी. समृद्धीवर १२० चालतं, तेवढे आणखी एक-दोन सेकंद उपभोगून घ्या.

परदेशातले लोक या बाबतीत आपल्या पुढे आहेत. टेस्लाने २०१९ च्या डिसेंबरात मॉडेल ३ च्या लाँग रेंज गाडीसाठी २००० डॉलरचं ॲक्सिलरेशन बूस्ट विकायला काढलं. त्याने साठ मैलांचा वेग ४.४ ऐवजी ३.९ सेकंदांत गाठता येतो. अर्धा सेकंद! नवा पार्ट नाही, गॅरेजला जाणं नाही. घरी मोबाइलवर पैसे भरा, सॉफ्टवेअर उतरतं. न्यू जर्सीतल्या एखाद्या भाच्याकडे ती गाडी असेल तर विचारून बघा, तो तासभर बोलेल. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत हेच वर्षाला १२०० डॉलर अशा वर्गणीवर आणलं. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ ची जास्तीची ताकद महिन्याला साडेसोळा पौंडांना देऊ केली. म्हणजे मोटर तुमच्या गाडीत, तिचं वजन तुमच्या बॅटरीवर, पैसे तुम्ही आधीच भरलेले, आणि ती पूर्ण चालवायची तर पुन्हा भरा. बिल्डरने फ्लॅटचा ताबा द्यावा, बाल्कनीची किल्ली स्वतःकडे ठेवावी आणि महिन्याला भाडं मागावं, तसं. आपल्या बिल्डरांना अजून हे सुचलेलं नाही, म्हणून जास्त मोठ्याने बोलू नका.

टायरचा भाव विचारू नका. विचारलात तर खुर्चीत बसून विचारा.

सोसायटीची चार्जरला एनओसी मिळाली नसेल, तर गाडी घ्या आणि मग कमिटीशी भांडा. क्रम बदलू नका.

बॅटरी खाली आली की पूर्ण ताकद मिळत नाही, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल वाचू नका.

टेस्ट ड्राइव्ह मात्र जरूर घ्या. घरच्यांना घेऊन जा, विशेषतः वयस्कर माणसांना. मी आईला घेऊन गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. साधं मॉडेल बघायला गेलो होतो, हे तिथल्या मुलाला गेटवरच सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि टॉप मॉडेलची किल्ली आणली. "सर, बघायला काय जातंय?" साध्या मॉडेलची डेमो गाडी म्हणे सर्व्हिसिंगला गेली होती. ती नेहमीच सर्व्हिसिंगला गेलेली असते.

मी थोडी चालवली. छान होती, खोटं कशाला बोलू. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही नीट दाबतच नाही. एकदा मी दाखवतो." बालेवाडीच्या बाजूला एका रुंद रस्त्यावर त्याने गाडी उभी केली. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, स्क्रीनवर लाल रंगाचं काहीतरी पेटलं. मागे आई पिशवीतून पाण्याची बाटली काढायला वाकली होती. "आजी, घट्ट बसा हं," एवढं तो म्हणाला आणि त्याच दमात ब्रेक सोडला.

घट्ट बसायचं कशाला धरून? मागच्या सीटचे बेल्ट अजून प्लास्टिकच्या कव्हरखाली दडपलेले. मी निघतानाच विचारलं होतं, तर म्हणे, "मागे काय गरज आहे सर, इथल्या इथेच तर जायचंय." मागे बसणाऱ्याने बेल्ट लावणं हा कायदा आहे, हे गाड्या विकणाऱ्या माणसाला मी सांगायचं! आईचं डोकं मागे आपटलं, बाटली सीटखाली गेली, आणि तिला काय झालं ते कळायच्या आत समोर स्पीडब्रेकर. पट्टे नाहीत, बोर्ड नाही, कुठल्यातरी साइटवाल्याने आपल्या डंपरसाठी स्वतःच घातलेला. त्यावर त्याने ब्रेक दाबला तो असा की आई गुडघ्यांसकट पुढच्या सीटवर. आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे वळून काय म्हणतो? "ब्रेकिंग पण बघा ना सर, किती शार्प आहे!"

शोरूममध्ये परत आल्यावर आईला पाणी दिलं, कॉफी दिली आणि मला कोटेशन. आज बुकिंग केलं तर ॲक्सेसरीज फ्री. आईलाही एक ॲक्सेसरी मिळाली, मानेचा पट्टा. तो फ्री नव्हता. त्यानंतर रोज फोन. "सर, मग काय ठरलं? मॅनेजरशी बोलून तुमच्यासाठी स्पेशल काढलंय." आईची चौकशी? एकदाही नाही. शेवटी मीच विषय काढला तर म्हणाला, "हो सर, आजींना तर एकदम रॉकेटचा फील आला असेल!"

त्याचा हुकमी मुद्दा म्हणजे सेफ्टी. "ओव्हरटेक करताना पिकअप हवाच, सर." अरे, ज्या गाड्या चालवून या शहरातली निम्मी माणसं शिकली, त्यांना शंभर गाठायला बारा सेकंदांपेक्षा जास्त लागायचे, तरी ताम्हिणीतून कोकण गाठून माणसं धडधाकट परत यायची. सीलचं सगळ्यात स्वस्त मॉडेलसुद्धा साडेसात सेकंदांत शंभरला जातं. त्यात ओव्हरटेक होत नसेल, तर ओव्हरटेकची जागाच नव्हती. मोटर कमी पडली नाही, अक्कल पडली.

आणि सेफ्टीचाच हिशोब करायचा तर पुरता करू. ३.८ सेकंदांत शंभर म्हणजे जेमतेम पन्नास-पंचावन्न मीटरांत शंभर. त्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, २८ मीटर गेले. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर थांबायला आणखी चाळीसेक. म्हणजे ही गाडी जेवढ्या अंतरात वेग घेते, तेवढ्यात ती थांबू शकत नाही. पावसात, खडीवर, खड्ड्यात तर सोडाच. पन्नास मीटर सलग मोकळा रस्ता या शहरात कुठे आहे तो मला दाखवा, जिथे मधूनच कुणी आजोबा दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत नाहीत. त्यांना तर आवाजही येत नाही. पूर्वी गाडी भरधाव येताना निदान गुरगुरायची.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर जिच्या धडकेत गेले, ती पोर्शे टायकान होती. इलेक्ट्रिकच. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा सतरा वर्षांचा. एवढ्या किमतीच्या गाडीच्या नोंदणीचे १७५८ रुपये भरायचे राहिले होते. त्याच्या जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधाचं मी नव्याने काही सांगायला नको.

तरीही लोक मला विचारतात, अपग्रेड घेऊ का? नका घेऊ. सरळ सांगतो, नका घेऊ. ट्रॅकवर जाणार असाल, तिथले पैसे भरणार असाल, हेल्मेट घालणार असाल, तर खुशाल घ्या, तुमचे पैसे आहेत. पण तुम्ही ट्रॅकवर जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही ते दोन सेकंद डीपी रोडवर वापरणार, मित्राला दाखवायला, मुलाला शेजारी बसवून. ज्या मुलाला उद्या तुम्हीच किल्ली देणार आहात.

आणि आमच्याच सोसायटीत नवी गाडी आणलेल्या साहेबांना सांगतो. संध्याकाळी पार्किंगच्या रॅम्पवर पोरं सायकली घेऊन उतरतात. "बघ कशी उचलते" म्हणून पाहुण्यांना दाखवायला तुम्ही तिथेच पाय दाबता. गाडीला आवाज नाही म्हणून पोरांना कळत नाही. तुम्हाला तर पोरं दिसतात ना? मग गेटपाशी तो स्पोर्ट मोड बंद करा, काच खाली घ्या आणि पायी चालल्यासारखे आत या. वॉचमनने सांगितलं की त्याच्यावर डाफरायचं नाही. तो बरोबर सांगतो.