जिल्हा फोडला, पुढे काय?

मालेगाव, अंबाजोगाई, उदगीर... नव्या जिल्ह्यांची यादी गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरते आणि लगेच दोन तट पडतात. मी राहतो उत्तर घानातल्या तमाले शहरात. ते वाद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दाबोया येतं.

दाबोया हे व्हाइट व्होल्टा नदीकाठचं, निळीच्या रंगकामासाठी नावाजलेलं गाव. तिथले पुरुष मागावर सुताचे अरुंद पट्टे विणतात आणि ते जोडून फुगू नावाचे घेरदार अंगरखे शिवतात. पूर्वी हा सगळा मुलूख वेस्ट गोंजा जिल्ह्यात, मुख्यालय दामोंगोला. 2012 मध्ये नॉर्थ गोंजा वेगळा झाला आणि कचेरी दाबोयात आली. पण तमालेहून त्या कचेरीत जायचं तर नदी नावेतून ओलांडायची, हे त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिलं.

घानात 1988 च्या सुधारणांआधी 65 जिल्हे होते, आज 261 आहेत. देश आकाराने महाराष्ट्राहून लहान, तेव्हा आपल्या 36 शी तुलना नको. इथला जिल्हा म्हणजे आपला तालुकाच. म्हणजे मुख्यालय जवळ आणण्याचा प्रयोग इथे भरपूर झालाय. पण जिल्ह्याचा कार्यकारी प्रमुख आजही राष्ट्राध्यक्ष नेमतात. जिल्हा सभेच्या दोन तृतीयांश मतांची मोहोर लागते खरी, पण सभेतले 30 टक्के सदस्यही नेमलेलेच. जमीन पारंपरिक राजांच्या ताब्यात, पैसा राजधानीहून येणाऱ्या निधीतून, आणि तो वेळेवर येत नाही ही तक्रार कुठल्याही जिल्ह्यात ऐकावी. प्रमुख लोकांनी निवडावा ही मागणी जुनी आहे. स्थानिक निवडणुकीत पक्षांना मुभा द्यावी का, यावर 2019 च्या डिसेंबरात सार्वमत ठरलं होतं, त्यालाच ही सुधारणा जोडलेली होती. एकमत होईना म्हणून सार्वमतच रद्द झालं.

आपल्याकडे उलटं आहे. 1962 पासून जिल्हा परिषदा आहेत, अध्यक्ष निवडून आलेल्यांतून होतो. इथल्या लोकांना याचं अप्रूप वाटतं. पण 2022 मध्ये मुदत संपल्यावर आपल्या बऱ्याच जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होत्या, आणि त्यावर आमच्या ग्रुपवर नव्या जिल्ह्याच्या निम्मीही चर्चा झाली नाही. सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून, यावर मात्र 2017, 2020 आणि 2022 अशी तीनदा कोलांटउडी मारून झाली!

नव्या जिल्ह्याच्या मागणीत मला बहुधा जमिनीचे चढलेले भाव आणि कंत्राटंच दिसतात. गडचिरोलीतून मागितला जाणारा अहेरी जिल्हा मात्र अपवाद. सिरोंच्याच्या माणसाला एका कामासाठी दोनशे किलोमीटरच्या आसपास गडचिरोली गाठावी लागते. तिथे जिल्हा जरूर करा. फक्त पहिल्या दिवसापासून निवडून आलेली जिल्हा परिषद द्या, नुसता जिल्हाधिकारी पाठवू नका.