भट्टीच्या उबेने दमा नाही, जीव जातो

मँचेस्टरला मुलीकडे गेलेल्या मावशीने बग्सवर्थच्या कालव्याकाठच्या जुन्या चुनाभट्ट्यांवरचा एक फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दम्याच्या काकांना टॅग केलं. मजकूर असा: भट्ट्या रोमनांच्या, चुना थंड करायला पाणी हवं म्हणून त्या कालव्याकाठी बांधल्या, चुना उघड्या नावांतून जाई, कामगार रात्री भट्टीच्या माथ्यावर झोपत, कारण ‘चुन्याची वाफ’ छाती मोकळी करते.

शेवटचं आधी घेऊ. वाफबिफ काही नाही. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की १०० किलो दगडाचा जेमतेम ५६ किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन वर जातात. शिवाय अर्धवट जळलेल्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही की वास नाही. वारा पडलेल्या रात्री हे वायू भट्टीच्या तोंडाशी, म्हणजे नेमके झोपलेल्याच्या नाकाशी साचतात. १९व्या शतकात ब्रिटनमध्ये उबेला झोपलेली भटकी माणसं अशीच गुदमरून मेली. कळीच्या चुन्याची धूळ तर डोळ्यांत आणि घशात ओल मिळताच तिथल्या तिथे विरते, म्हणजे पाणी शोषून तापते, आणि भाजते. दम्याच्या माणसाला हा सल्ला!

भट्टीला पाणी लागतच नाही. वरून चुनखडी आणि कोळसा थराथराने भरायचा, खालच्या तोंडातून भाजलेला चुना ओढायचा. खालून चढणारी हवाच त्याला थंड करते. चुना विरवायला वजनाच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी लागतं, एवढं मान्य. त्यासाठी कुणी कालवा खणत नाही.

मग कालवा कशाला? दगड आणि कोळशासाठी. बग्सवर्थचा हा कालवा म्हणजे पीक फॉरेस्ट कालवा. त्याच्या १७९४च्या कायद्याचं नावच वाचा: कालवा चॅपल मिल्टनपर्यंत आणि तिथून पुढे लोड्स नोलपर्यंत रूळ किंवा दगडी वाट. लोड्स नोल म्हणजे चुनखडीचा डोंगर. प्रत्यक्षात कालवा बग्सवर्थलाच थांबला. पुढे अभियंता बेंजामिन औट्रमच्या ट्रामवेवरून, म्हणजे रुळांच्या वाटेवरून, दगडाने भरलेल्या वाघिणी उताराने खाली येत, रिकाम्या घोडे वर ओढत. रस्त्यावर टनभर ओढणारा घोडा कालव्यात पंचवीसेक टन सहज नेतो, म्हणून कोळसाही नावेनेच परवडे. दोन्ही जिथे भेटत तिथे भट्टी.

रोमनांनी चुना भाजला, खरं आहे. पण हा कालवा १७९६चा, आणि या भट्ट्या त्यानंतरच्या.

आणि उघडी नाव? चुना नावेने जायचा, पण कोरडा, झाकून. एक सर आली की तो नावेतच विरू लागतो, फुगून दुपटीहून मोठा होतो आणि लाकूड पेटवण्याइतका तापतो.