पूल अडवला कोणी?

गेल्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने आमच्या गावच्या नव्या गॉर्डी हाउ पुलाचा फोटो टाकला. आमचं गाव म्हणजे आता विंडसर, ऑन्टॅरिओ. नदीपलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट. फोटोखाली ओळ होती : 'याला म्हणतात विकास. ना मोर्चा, ना युनियनचा झेंडा. नाहीतर आपलं वाढवण बंदर बघा.' त्यावर धडाधड अंगठे.

मी इथे पंधरा वर्षं आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. त्यामुळे गप्प बसवेना. हा गॉर्डी हाउ पूल चांगला दणकून अडवला गेला होता. फक्त अडवणारा कामगार नव्हता, शेजारच्या पुलाचा मालक होता.

हो, पुलाला मालक. इथला जुना अँबॅसडर पूल १९२९चा आणि खासगी. मॅटी मोरून या ट्रकधंद्यातल्या अब्जाधीशाने तो १९७९मध्ये विकत घेतला. कॅनडा-अमेरिका व्यापाराचा साधारण चौथा हिस्सा या एकाच चारपदरी पुलावरून जायचा, आणि टोल एका कुटुंबाच्या गल्ल्यात. शेजारी सरकारी पूल आला की गल्ला हलका, म्हणून खटल्यांवर खटले. २०१२मध्ये तर मोरून यांनी डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनची राज्यघटनाच बदलायला घेतली : नव्या आंतरराष्ट्रीय पुलाआधी जनमत घ्यायलाच हवं! प्रचारावर तीन कोटी डॉलरच्या वर खर्च. टीव्ही लावला की तीच जाहिरात, करदात्यांचे पैसे बुडणार म्हणून. प्रत्यक्षात सगळा खर्च कॅनडा उचलणार होता आणि टोलमधून वसूल करणार होता. जवळपास ६० टक्के मतदारांनी प्रस्ताव झोपवला.

पुलाच्या बाजूने तेव्हा कोण होतं? मोटार कंपन्या, मिशिगनचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्नायडर, आणि त्यांच्याच रांगेत बांधकाम कामगारांच्या युनियन. गव्हर्नरवर त्यांचं प्रेम उतू चाललं होतं असं मुळीच नाही. प्रस्ताव पडल्यावर पाचेक आठवड्यांत याच स्नायडर यांनी युनियनची सक्तीची वर्गणी बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि राजधानी लान्सिंगमध्ये हजारो कामगार रस्त्यावर उतरले. पुलासाठी सोबत, वर्गणीसाठी भांडण. तो कायदा रद्द व्हायला २०२३ उजाडलं.

माझा शेजारी लोखंडकामवाला. २२० मीटर उंच मनोऱ्यावर त्याने दोन हिवाळे काढले. बर्फ उपसताना त्याला एकदा विचारलं, काम मिळालं कसं? म्हणाला, 'हॉलमधून.' म्हणजे युनियनच्या हॉलमध्ये नाव लावायचं. ठेकेदाराला माणसं हवी असतील तर त्याने हॉलकडे मागायची. दर ठरलेला, पेन्शन ठरलेलं, शिकाऊ पोरांना वर्षागणिक वाढ. त्याची मुलगी अशीच शिकाऊ म्हणून लागली. तिच्या हेल्मेटवर युनियनचा स्टिकर आहे आणि त्याच्याच शेजारी पुलाचा.

मला माझे मामा आठवले. पाटणहून आलेले, वाशीच्या मार्केटात माथाडी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला १९६९चा माथाडी कायदा तेच तर करतो : हमालाची नोंद मंडळात, मजुरी मंडळामार्फत, मुकादमाच्या मर्जीवर काही नाही. म्हणजे ही कल्पना आम्हाला कॅनडाने शिकवायची गरज नाही. आमच्याकडे ती पाठीवर पोती वाहून आली.

कारखान्यातल्या आम्हा लोकांना पूल हवा होता तो वेगळ्या कारणाने. फेब्रुवारी २०२२मध्ये लशीच्या सक्तीविरुद्ध आंदोलकांनी अँबॅसडर पूल जवळपास आठवडाभर रोखला. पलीकडून भाग येईनात, आमची लाइन थांबली, अर्ध्या शिफ्टमधून घरी पाठवलं. एका पुलावर पोट असणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात कळलं.

सगळं गोड मात्र नाही. डेट्रॉइटच्या डेलरे वस्तीतली घरं या पुलापायी गेली. त्या लोकांची कुठली युनियन नव्हती. भरपाई आणि धूर-धुळीवरच्या उपायांसाठी त्यांना स्वतःच भांडावं लागलं. लोखंडकामवाल्यांना काम मिळालं, डेलरेवाल्यांना ट्रक.

म्हणूनच ग्रुपवरची तुलना मला चुकीची वाटते. ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराला विरोध करणारा मच्छीमार हा इथला लोखंडकामवाला नव्हे, तो डेलरेचा रहिवासी आहे. त्याचं पाणी जाणार, त्याने झेंडा का फडकवू नये? लोखंडकामवाल्याशी तुलना करायचीच तर अटल सेतूवर वेल्डिंग करणाऱ्याशी करा. २१.८ किलोमीटर हा आकडा ग्रुपवर प्रत्येकाला पाठ आहे. त्या वेल्डरची रोजी किती होती, ते माझ्या तरी वाचनात आलं नाही. मीही तेव्हा नुसता ड्रोनचा व्हिडिओ पुढे ढकलला होता.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. अंगठे दोनच आले, त्यातला एक सख्ख्या भावाचा. मग फोटो टाकणाऱ्यालाच विचारलं, कारण तो स्वतः ठाण्याकडे एका उड्डाणपुलाच्या साइटवर इंजिनिअर आहे : 'तुझ्याकडच्या लेबरला ओव्हरटाइम दुप्पट मिळतो का रे?'

अर्ध्या तासाने उत्तर आलं. 'ते सब-कॉन्ट्रॅक्टरचं असतं. आमच्यापर्यंत येत नाही.'