पहिल्या पत्नीला कोणी विचारलं का?

घटस्फोट होऊन दुसरं लग्न केलेला पाळक बिशप होऊ शकतो का, यावरून सध्या आमच्या बडोद्यातल्या ख्रिस्ती मंडळींत बरीच गरमागरमी चालू आहे. उपासना संपली की फतेगंजच्या रस्त्यावर उभं राहून लोक तासभर वाद घालतात. माझं मत विचाराल तर होऊ शकतो. पण माझी एक अट आहे आणि तिच्याबद्दल दोन्ही बाजूंचं कोणीच बोलत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

विरोध करणाऱ्यांचा सगळा भर बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर आहे. अध्यक्ष, म्हणजे आजचा बिशप, एकाच स्त्रीचा पती असावा, असं तिथे म्हटलंय. म्हटलंयच, मी नाकारत नाही. पण बाराव्या वचनापर्यंत वाचा. हीच अट सेवकांनाही घातली आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनाही घातली आहे. मग दुसरं लग्न झालेल्या पाळकाच्या हातून आपल्याला प्रभुभोजन चालतं, मुलांचा बाप्तिस्मा चालतो, आणि बिशपच्या खुर्चीपाशी आल्यावरच हे वचन कसं आठवतं?

ऑर्थोडॉक्स चर्चने हे वचन खरोखर कडकपणे पाळलंय. तिथे पाळकाचं लग्न दीक्षेआधी आणि एकदाच. बायको वारली तरी दुसरं नाही. बिशप तर संन्यस्तांमधूनच निवडतात. मला ते पटत नाही, पण त्यात सरळपणा आहे आणि त्याचा मी आदर करते. आपण मात्र विधुर पाळकासाठी स्वतः स्थळं शोधतो. 2013 मध्ये दक्षिण भारतीय चर्चने ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं तेव्हा आपण आनंदाने टाळ्या वाजवल्या, आणि योग्यच केलं. 'एका स्त्रीचा पती' हे वचन तेव्हाही शास्त्रात होतंच.

त्याच अध्यायात अध्यक्ष भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, असंही आहे. चर्चच्या जमिनींवरून देशभर किती खटले चाललेत ते सगळ्यांना माहीत आहे. बिशपपदासाठी नावं येतात तेव्हा या अटीवर कोणाला अडवलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

इंग्लंडच्या चर्चचं उदाहरण दोन्ही बाजू देतात. राजा आठव्या हेन्रीने घटस्फोटासाठी ते चर्च काढलं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरं तर त्याला पहिला विवाह रद्दबातल ठरवून हवा होता, आणि पुढे शतकानुशतकं तेच चर्च या बाबतीत फार कडक राहिलं. 1936 मध्ये राजा आठव्या एडवर्डला घटस्फोटित बाईशी लग्न करायचं होतं म्हणून गादी सोडावी लागली. पहिला जोडीदार हयात असताना चर्चमध्ये दुसरं लग्न लावायला त्यांच्या सिनडने, म्हणजे चर्चच्या मुख्य सभेने, मान्यता दिली ती थेट 2002 मध्ये, तीही अपवाद म्हणून. अशा माणसाला आर्चबिशपच्या परवानगीने पाळक होण्याची वाट 1990 च्या कायद्याने उघडली होती. बिशप होण्याचा प्रश्न 2010 मध्ये सुटला. प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं आणि मग ठरवायचं, असं तिथल्या बिशपांनी ठरवलं. सरसकट हो म्हटलं नाही, सरसकट नाहीही म्हटलं नाही. 2002 च्या त्यांच्या सूचनांमधला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: हे नवं नातंच पहिला संसार मोडायला कारण झालं होतं का, हे पाळकाने पाहावं.

आता आपल्याकडचं बघा. ख्रिस्ती घटस्फोटाचा आपला कायदा 1869 चा, इंग्लंडच्या 1857 च्या कायद्यावर बेतलेला. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. जिल्हा न्यायालयाचा निकाल वर हायकोर्टाने कायम करायचा. परस्परसंमतीची तरतूदच नव्हती. इंग्लंडने 1923 मध्ये ही असमानता काढली. आपल्याकडे ती 2001 पर्यंत टिकली. 78 वर्षं! आमच्या सयाजीराव महाराजांनी 1931 मध्येच बडोदे संस्थानात हिंदू बायकांना घटस्फोटाचा हक्क कायद्याने दिला होता. त्या वेळी ब्रिटिश मुलखातली ख्रिस्ती बाई 1869 च्याच कायद्यात अडकलेली होती, आणि पुढे स्वतंत्र भारतातही कितीतरी वर्षं अडकलेलीच राहिली.

याचा परिणाम काय झाला? बायका वेगळ्या राहिल्या, पण घटस्फोट झाले नाहीत. माझ्या आईच्या नात्यातल्या एक पाळकीणबाई होत्या. नवरा मारायचा. दोन मुलांना घेऊन त्या भावाकडे आल्या आणि शिवणकामावर घर चालवलं. कोर्टात जायला पैसा नव्हता आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "बाई, चर्चची अब्रू जाईल." त्यांनी तोंड उघडलं नाही. इकडे पाळकसाहेब वर्षानुवर्षं उपदेशपीठावरून कुटुंबव्यवस्थेवर बोलत राहिले, कमिट्यांवर मानाने बसले. कागदावर ते शेवटपर्यंत एका स्त्रीचे पतीच होते. आणि ज्या पाळकाने संसार मोडल्यावर ते लपवलं नाही, कोर्टात उभा राहिला, मुलांचा खर्च दरमहा दिला, मग रीतसर दुसरं लग्न केलं, त्याच्या नावावर मात्र आपण काट मारायची. कागद बघून निवड केली की असंच होणार.

म्हणून माझी अट अशी. लग्न किती झाली हे मोजत बसण्यापेक्षा पहिलं लग्न कसं मोडलं आणि मोडल्यावर हा माणूस कसा वागला, हे पाहा. पोटगी वेळेवर दिली का? मुलांना भेटतो का? मंडळीत तिची बदनामी केली का? आणि हे त्याला विचारून भागणार नाही. तिला विचारा. तीन-चार जाणत्या माणसांनी, त्यात निम्म्या बायका हव्यात, तिच्या घरी जाऊन तिचं ऐकून घ्यावं. घटस्फोट झालेला नसेल पण बायको वेगळी राहत असेल, तरी तिच्याकडे जावं. घटस्फोट झालेली पाळक स्वतः बाईच असेल आणि तीच बिशप होऊ पाहत असेल, तर तिच्या पहिल्या नवऱ्याकडेही जावं.

काहीजण म्हणतात, जुनी जखम कशाला उकरायची? ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी बोलू नये, कोणी जबरदस्ती करू नये. काहीजण म्हणतात, रागाच्या भरात ती काहीही सांगेल. सांगेलही. तिच्या नकारावर नाव आपोआप गळावं असं मी म्हणतच नाही, तोलून बघायला समिती आहेच. पण तिचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही आणि बिशप ठरला, हे मला मान्य नाही. तरुण पोरांपुढे काय आदर्श राहील, असा प्रश्न परवा एका काकांनी कळकळीने विचारला. काका, संसार मोडला की आपली पोरं लाजेने उपासनेला यायचंच बंद करतात. एवढं सोसूनही प्रामाणिक राहिलेला बिशप त्यांना दिसला तर ती परत येतील, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी नावं मागवली जातील तेव्हा ही सूचना मी लेखी देणार आहे. सही करायला कोणी तयार असेल तर मला मेसेज करा, विशेषतः बायकांनी.